टायग्रिसची चढती वाट

सातारा, रत्नागिरीच्या गावांतून फिरताना चावडीच्या भिंतीत किंवा वेशीजवळच्या देवळाशेजारी कधीकधी एक लहानशी शिळा दिसते. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून किती माणसे गेली आणि त्यांतली किती कामी आली, एवढेच तिच्यावर कोरलेले असते. मजकूर सगळीकडे जवळजवळ सारखा. बदलतात ते आकडे. कोण गेले ते शिळा सांगत नाही. कुठे गेले तेही सांगत नाही.

माझ्या लहानपणी गावातली म्हातारी माणसे मात्र एक शब्द उच्चारत: ‘बसरा’. अमक्याचा आजा बसऱ्याला गेला, परत आला नाही. मला ते एखाद्या रणांगणाचे नाव वाटे. पुढे नोकरी सांभाळून, रविवारी आणि रजेच्या दिवशी ग्रंथालयात बसून या शब्दाचा माग काढू लागलो, तेव्हा कळले की बसरा हे बंदर होते. लढाया तिथून शेकडो मैल वर झाल्या. मधे एक नदी होती, आणि नदीवर कुशीला पडाव बांधलेल्या आगबोटी होत्या. त्या बोटी धारेविरुद्ध किती वेगाने वर चढत, यावर त्या माणसांचे जगणे-मरणे ठरले. युद्धाच्या पुस्तकांत सेनापतींच्या चुकांवर प्रकरणेच्या प्रकरणे आहेत. नदीवर बोट चालवण्याच्या कामाविषयी मात्र चार-दोन पाने. हा लेख त्या कामाविषयी आहे.

प्रथम घटनाक्रम थोडक्यात. नोव्हेंबर १९१४ मध्ये हिंदुस्थानातून निघालेली फौज शत्त-अल-अरबच्या मुखाशी फाओ येथे उतरली आणि त्याच महिन्यात तिने बसरा घेतले. या फौजेचा गाभा होता सहावी, म्हणजे पुणे डिव्हिजन. तिच्यात मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या: १०३ वी आणि ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री आणि ११७ वी मराठा. देशावरचे आणि कोकणातले मराठे, त्यांच्याबरोबर दख्खनी मुसलमान, असा त्यांचा भरणा. जून १९१५ मध्ये अमारा पडले, सप्टेंबरच्या अखेरीस कुत पडले. हे सगळे इतक्या सहज झाले, की जनरल टाउनशेंड यांच्या हाताखाली डिव्हिजन बगदादवर निघाली. नोव्हेंबरच्या अखेरीस टेसिफोनला तुर्कांनी तिला थोपवले. सुमारे ४,६०० माणसे मेली, जखमी झाली वा बेपत्ता झाली. उरलेली फौज मागे फिरून कुतला आली आणि ७ डिसेंबर १९१५ पासून तिथेच कोंडली गेली. वेढा १४७ दिवस चालला. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार माणसांनी शस्त्रे खाली ठेवली. त्यांना सोडवण्याच्या प्रयत्नात बाहेरच्या फौजेचे सुमारे तेवीस हजार लोक मेले किंवा जखमी झाले. त्या फौजेतही १०५ वी मराठा ही पलटण होती.

आता नदीकडे वळू. टायग्रिस, अरबीत दजला, तुर्कस्तानच्या डोंगरांत उगम पावते. तिचा पूर आपल्या नद्यांसारखा पावसाळी नसतो. डोंगरावरचे बर्फ वितळते तसतशी ती मार्चपासून फुगत जाते, एप्रिलच्या सुमारास भरात येते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात सर्वांत आटते. कुर्ना येथे ती युफ्रेटिसच्या जुन्या पात्राला मिळते. समुद्राची भरती कुर्नापर्यंत जाणवते, तिथवर पाणी खोल. त्याच्या वर मात्र मऊ गाळाच्या सपाट प्रदेशातून नागमोडी जाणारे पात्र, दोन्हीकडे दलदल आणि दगड म्हणून औषधाला नाही. बसऱ्यापासून कुतपर्यंत नदीवाटेने तीनशे मैलांच्या आसपास आणि बगदादपर्यंत सुमारे पाचशे मैल अंतर. युद्धाच्या सुरुवातीला या मुलखात फौजेच्या कामी येईल असा रेल्वेमार्ग नव्हता, पक्का रस्ता नव्हता. पावसात चिखल असा होई की बैलगाडी जागची हलत नसे. गोळा-बारूद, पीठ, तूप, जनावरांचा चारा, तंबू, औषधे आणि माणसे, सगळे नदीनेच वर जायचे. आणि वर जायचे म्हणजे धारेविरुद्ध.

नदीकाठच्या लोकांनी या अडचणीवर फार जुना तोडगा काढला होता. फुगवलेल्या कातड्यांवर लाकडे बांधून ते ‘केलेक’ नावाचा तराफा करीत. माल भरून तो धारेबरोबर खाली सोडत, बगदादला पोचल्यावर लाकूड विकून टाकत आणि रिकामी कातडी गाढवावर लादून जमिनीवरून परत जात. हेरोडोटसनेही या नद्यांवर असाच व्यवहार पाहिल्याचे लिहिले आहे. धारेविरुद्ध यायचेच नाही, हा त्यामागचा शहाणपणा. ‘महैला’ नावाच्या मोठ्या शिडाच्या नावा मात्र वर जात. वारा असला तर शिडावर. नसला तर खलाशी काठावर उतरून खांद्यावर दोर घेत आणि नाव ओढत चालत. दिवसाकाठी मजल थोडी पडे, पण काठावरच्या पायांना धार लागत नाही.

यंत्राच्या बोटीला ही सोय नसते. ती ज्या पाण्यावर जोर लावते तेच पाणी मागे पळत असते. इथे साधा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. समजा, दोन्ही कुशींना एकेक भरलेला बार्ज बांधलेली एक आगबोट स्थिर पाण्यात ताशी सात मैल जाते. धारेचा वेग ताशी दोन मैल असेल, तर काठाच्या मानाने ती वर जाताना पाच मैल आणि खाली येताना नऊ मैल चालेल. शंभर मैल वर जायला वीस तास, परत यायला अकरा. फेरी एकतीस तासांची. आता पूर आला आणि धार ताशी पाच मैल झाली. वर जाताना उरले दोन मैल. शंभर मैलांना पन्नास तास लागले. खाली येताना वेग बारा मैलांचा, म्हणजे आठ तासांहून थोडे अधिक. फेरी अठ्ठावन्न तासांची झाली. जाताना तीस तास गमावले आणि येताना तीनच परत मिळाले. धार आणखी एका मैलाने वाढली, तर नुसते वर जायलाच शंभर तास.

याचा अर्थ असा, की बंदुकीची एक गोळीही न सुटता नदीने अर्धा बोटताफा बुडवल्यासारखे झाले. कागदावर बोटी तेवढ्याच, त्यांची मालवाहू क्षमता तेवढीच. पण महिन्यात होणाऱ्या फेऱ्या अर्ध्या. शिवाय त्या जास्तीच्या तासांत भट्टी जळतच असते. त्यासाठीचे इंधन बोटीवरच न्यायचे, म्हणजे तितका माल कमी. नदी आटलेली असली तर धार मंद, पण पाणी उथळ. मग बोट अर्धीच भरायची, तरीही ती वाळूवर चढायची. असा दोन्ही ऋतूंत नदी आपला कर वसूल करीत असे.

बार्ज मागे दोराने ओढण्याऐवजी कुशीला का बांधत, हा प्रश्न मलाही पडला होता. सरळ आणि रुंद नदीत मागून ओढणे सोयीचे असते. नागमोडी पात्रात मात्र मागचा बार्ज बोटीच्या वाटेने वळत नाही. बोट वळणातून बाहेर पडते, बार्ज धारेबरोबर बाहेरच्या काठावर जाऊन आदळतो. खाली येताना बोट थांबली, तर तो मागून तिच्यावरच चालून येतो. कुशीला घट्ट बांधले की तिन्ही मिळून एकच जिन्नस होतो, सुकाणूचे ऐकतो. शिवाय काठावर आदळण्याची वेळ आली, तर बोटीच्या चाकांआधी बार्ज मार खातात. किंमत एवढीच, की बोटीची रुंदी तिपटीच्या घरात जाते.

असा जोडताफा वर नेताना सारंगाची नजर धारेच्या कडेवर असते. वळणाच्या बाहेरच्या बाजूला पाणी खोल, पण तिथेच धार सर्वांत जोराची. आतल्या बाजूला धार मंद, पण गाळ साचून पाणी उथळ. म्हणून वर जाणारा तळ लागणार नाही इतपत आतल्या काठाला धरून चोरपावलांनी चढतो आणि पुढच्या वळणाआधी पात्र ओलांडून पलीकडच्या मंद पाण्यात शिरतो. धोका या ओलांडण्यात असतो. बोटीचे नाक मंद पाण्यातून जोराच्या धारेत शिरते, तेव्हा शेपूट अजून मंद पाण्यात असते. धार नाकाला बाजूने ढकलते आणि बघता बघता सगळा जोडताफा नदीत आडवा होतो. म्हणून ओलांडताना तोंड होईल तितके धारेच्या समोर ठेवायचे आणि पलीकडे तिरके सरकत जायचे.

लहानपणी आमच्याकडे तर होती. पुराच्या दिवसांत तरीवाले तात्या नाव आधी काठाकाठाने बरीच वर नेत, मग पाण्यात घालत. मी एकदा विचारले होते, “तात्या, समोरच तर जायचंय, मग एवढं वर कशाला?” ते म्हणाले, “हितनं निघालो तर तिकडं खालच्या मळईत लागू, बाळा.” टायग्रिसवरचा सारंग तेच करीत होता. फक्त त्याच्या दोन्ही बगलांत शेकडो मणांचे बार्ज होते.

वर जाताना एक दिलासा तरी असतो. बोट वाळूवर चढली, तर धारच तिला मागे लोटून मोकळी करायला मदत करते. खाली येणाऱ्याला तोही नाही. काठ वेगाने मागे पळतात, विचाराला वेळ मिळत नाही, आणि चटकन थांबणे तर जवळजवळ अशक्यच. रुतला की धार त्याला आणखी आत रुतवते. त्यातून बोट आडवी झाली, तर वरच्या बाजूच्या बार्जवर सगळ्या नदीचा दाब येतो आणि दोर तुटतात. म्हणून नद्यांवरचा जुना रिवाज असा, की वर जाणाऱ्याने बाजूला व्हायचे आणि खाली येणाऱ्याला वाट द्यायची. ज्याला थांबता येते त्याने थांबावे, एवढाच त्यातला न्याय.

या सगळ्याची परीक्षा ‘नॅरोज’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या टापूत होई. एझ्राच्या कबरीपासून वर कलात सालेहच्या दिशेने नदीचे बरेचसे पाणी दलदलीत निघून जाते आणि पात्र इतके अरुंद होते, की बार्जसकट दोन बोटी समोरासमोर निभत नसत. वळणे अशी, की एकाला सैनिकांनी ‘सैतानाचे कोपर’ असे नाव दिले होते. तिथे सुकाणू पुरत नसे. बोटीचे नाक सरळ काठाच्या मऊ मातीत टेकवायचे, धारेला शेपूट फिरवू द्यायचे, मग मागे येऊन पुन्हा पुढे निघायचे. काठावर आदळत, घासत जाणे हीच तिथली रीत होती. काठ दगडाचे असते तर ही नदी वाहतुकीला कधीच उपयोगी पडली नसती.

आता टेसिफोननंतरच्या माघारीकडे पाहा. १ डिसेंबर १९१५ रोजी उम्म-अत-तुबूल येथे तुर्की तोफेचा एक गोळा ‘फायरफ्लाय’ या नव्या तोफबोटीच्या बॉयलरला लागला. ही बोट खास या नदीसाठी यॅरो यांच्या कारखान्यात तयार होऊन सुट्या भागांत आणली गेली होती आणि अबादानला जोडली होती. ‘कॉमेट’ या जुन्या बोटीने तिला ओढून नेण्याचा प्रयत्न केला. निरुपयोगी झालेली बोट बांधून घेतलेली, पात्र अरुंद, काठावरून गोळीबार. दोन्ही बोटी काठाला लागल्या आणि सोडून द्याव्या लागल्या. ‘सुमाना’ने माणसे उचलली. फायरफ्लाय तुर्कांच्या हाती पडली आणि फेब्रुवारी १९१७ मध्ये परत मिळेपर्यंत त्यांच्याच झेंड्याखाली राहिली.

त्याआधीच टेसिफोनच्या जखमींना खाली पाठवणे सुरू झाले होते. रुग्णांसाठी वेगळ्या बोटी जवळजवळ नव्हत्याच. वर रसद नेणाऱ्या बोटी आणि बार्ज, ज्यांत गुरे आणि चारा वाहिला जाई, त्यांतच माणसे झोपवली गेली. ‘मेजिदिये’ ही आगबोट कुशीला दोन लोखंडी बार्ज घेऊन बसऱ्याला लागली, तेव्हा इंडियन मेडिकल सर्व्हिसचे मेजर कार्टर यांनी ती पाहिली. पावसा-थंडीपासून कसलाही आडोसा नाही, पट्ट्या बदललेल्या नाहीत, हगवणीने माणसे लडबडलेली. कार्टर यांनी तक्रार केली तेव्हा वरिष्ठांनी त्यांनाच दम भरला. पुढे चौकशी आयोगापुढे त्यांनी दिलेली साक्ष १९१७ च्या अहवालात छापली गेली आणि इंग्लंड हादरले. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. त्या बार्जांवर आपल्याकडची माणसे होती. मराठ्यांच्या तीनही पलटणी टेसिफोनला लढल्या होत्या.

कुतच्या वेढ्यात हाच हिशेब उलट्या बाजूने पुढे आला. जानेवारी १९१६ पासून शेख साद, वादी, हन्ना, मार्चमध्ये दुजैला, अशा एकामागून एक लढाया घाईने झाल्या. ताज्या दमाच्या पलटणी हिंदुस्थानातून आणि फ्रान्सहून बसऱ्याला पोचत होत्या; पण त्यांना वर न्यायला बोटी नव्हत्या. जे पोचत ते तुकड्यातुकड्यांनी, तोफा एकीकडे आणि माणसे दुसरीकडे. त्यातच मार्च उजाडला, बर्फ वितळू लागले आणि बोटींच्या फेऱ्यांना आणखी वेळ लागू लागला. कुतमध्ये रेशन घटत होते आणि नदी चढत होती.

अखेरचा प्रयत्न एकाच बोटीने झाला. २४ एप्रिल १९१६ च्या रात्री ‘जुलनार’ २७० टन रसद घेऊन निघाली. लेफ्टनंट फर्मन तिचे कप्तान आणि चार्ल्स कौली हे वाटाडे. कौली बगदादमध्येच जन्मलेले. लिंच कंपनीच्या बोटींवर त्यांनी आयुष्य घालवले होते, मेजिदियेचेही ते कप्तान होते. ऐन पुराच्या धारेविरुद्ध, अंधारात, दिवा न लावता, भरलेली बोट पहाटेच्या आत कुतला पोचवायची होती. वेग कमी म्हणजे काठावरच्या बंदुकांपुढे जास्त वेळ. फर्मन गोळ्याला बळी पडले. मगासिस येथे तुर्कांनी नदीत आडवी तार ताणली होती. तिच्यात अडकून बोट काठाला लागली. कौलींना पकडून ठार करण्यात आले. दोघांनाही मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पाच दिवसांनी कुत पडले.

हे सगळे वाचताना एक प्रश्न मला सोडत नव्हता. ही नदी अनोळखी होती का? मुळीच नव्हती. १८३६ मध्ये चेस्नी यांच्या मोहिमेने या नद्यांवर आगबोटी चालवून पाहिल्या होत्या आणि त्यांतली ‘टायग्रिस’ नावाची बोट वादळात बुडालीही होती. त्यानंतर मुंबईत ठाणे असलेल्या इंडियन नेव्हीचे अधिकारी टायग्रिसची मोजणी करीत होते. त्यांतले कमांडर फेलिक्स जोन्स एप्रिल १८४६ मध्ये, म्हणजे नेमक्या पुरात, बोट घेऊन बगदादच्याही वर गेले. त्यांचा वृत्तांत १८५७ मध्ये मुंबई सरकारच्याच दप्तरातल्या निवडक कागदपत्रांच्या मालेत मुंबईत छापला गेला. १८६० च्या दशकापासून लिंच कंपनीच्या बोटी बसरा ते बगदाद नियमित चालत होत्या. पुराच्या धारेत बोट किती चढते, कुठल्या वळणावर काय करावे, हे सांगणारे कप्तान, सारंग, सुकाणी जिवंत होते, हाताशी होते. माहिती मुंबईच्या दप्तरात होती आणि बसऱ्याच्या धक्क्यावरही होती. बगदादवर चालून जायचा निर्णय झाला, तेव्हा तिला कोणी किंमत दिली नाही. चौकशी आयोगाने नदीवाहतुकीच्या अपुरेपणावर ठपका ठेवला, तो याचसाठी मोलाचा.

नदी जिंकता येत नव्हती असेही नाही. १९१६ मध्ये सूत्रे लंडनच्या युद्धखात्याकडे गेली. नदीवाहतुकीचे स्वतंत्र खाते उभे राहिले. बसऱ्याजवळ धक्के आणि दुरुस्तीची गोदी झाली. हिंदुस्थान, ब्रह्मदेश, इजिप्त इथल्या नद्यांवरून उथळ तळाच्या बोटी आल्या, काही वाटेत समुद्रातच बुडाल्या. त्यांच्याबरोबर पूर्व बंगालच्या नद्यांवर वाढलेले सारंग आणि खलाशी आले. नॅरोजमध्ये कोणी केव्हा शिरायचे याचे नियंत्रण चौक्यांवरून होऊ लागले. वर्षअखेरीस कुर्ना ते अमारा रेल्वे झाली आणि तो अवघड टापूच टळला. मग तोच मुलूख, तीच नदी, आणि ११ मार्च १९१७ रोजी बगदाद पडले. फरक सेनापतींच्या हुशारीचाही असेल. पण जनरल मॉड यांनी आधी बोटी मोजल्या आणि मग पाऊल उचलले, हे विसरता येत नाही.

११७ व्या मराठा पलटणीला पुढे ‘रॉयल’ हा किताब मिळाला. बसऱ्याला १९२९ मध्ये मोठे स्मारक उभे राहिले. ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा चाळीस हजारांहून अधिक लोकांसाठी ते आहे. गोऱ्या शिपायांची नावे त्यावर कोरली गेली. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांची मात्र पलटणवार संख्याच. म्हणजे आमच्या वेशीतल्या शिळेसारखेच: आकडा आहे, माणूस नाही.

आमच्या तरीच्या जागी आता पूल झाला आहे. पुराच्या दिवसांत मी पुलावर उभा राहतो, तेव्हा खालच्या पाण्यात एखादा ओंडका पुलाच्या खांबाजवळ येतो, आडवा होतो आणि क्षणात दिसेनासा होतो. अशाच धारेविरुद्ध रात्रंदिवस भट्टीत कोळसा लोटणाऱ्यांची, दोर सांभाळणाऱ्यांची आणि त्या बार्जांवर वाट पाहत पडलेल्यांची नावे कुठेतरी पगारपत्रकांत, पलटणींच्या यादीत, घराघरांतल्या जुन्या पेटीत असतील. वाचकांपैकी कोणाच्या घरी ‘बसरा’ हा शब्द ऐकू येत असेल, तर एकदा त्या माणसाचे नाव विचारून लिहून ठेवावे. शिळेवर जागा नव्हती. आपल्या वहीत आहे.